फुकटाची मुदत

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'फुकट' हा विषय मुक्रर करून पत्रे धाडली, तेव्हा बहुतेक लेखकांच्या दृष्टीपुढे निवडणुकीतील आश्वासने, मांडवातल्या पंगती किंवा विनातिकीट उतारू आले असावेत. मला मात्र, छायाचित्रणाचा छंद असलेल्या माणसांत पुष्कळ वर्षे ऊठबस असल्याकारणाने, एक निराळीच मंडळी आठवली. या मंडळींना फुकटे म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही. एका भिंगापायी दोन महिन्यांचा पगार खर्ची घालणारी, रानातल्या एका फुलासाठी भर श्रावणात दिवसभर भिजणारी, बंद पडत चाललेल्या एखाद्या लोहमार्गावरचे शेवटचे इंजिन टिपता यावे म्हणून रजा टाकून अकोल्यापर्यंत रात्रीचा प्रवास करणारी ही माणसे. परंतु अशा कष्टाने जमवलेला ऐवज त्यांनी ज्या कोठारांत ठेवला, ती परदेशी कंपन्यांची कोठारे मात्र विनामूल्य होती, आणि गेल्या दहाबारा वर्षांत त्या कोठारांनी एकामागून एक आपापल्या दारावर दरपत्रक लावले.

त्यानंतर या छांदिष्टांनी काय केले, कोणी पैसे भरले, कोणी माल हलवला, कोणाचे काय गहाळ झाले, हे प्रत्यक्ष पाहावे या हेतूने मी पुणे, ठाणे आणि कल्याण येथील काही जणांच्या घरी जाऊन बसलो. त्यांची नावे येथे देत नाही. तशी त्यांचीच इच्छा आहे. एवढे मात्र आरंभीच नमूद करतो की, या प्रकरणात पैसा हा सर्वांत सोपा भाग आहे. छायाचित्र सहसा वाचते. बुडते ते त्याचे दप्तर, आणि ज्या ठिकाणी जगाला ते सापडत असे तो पत्ता.

स्पीडोमीटरचे चित्र

पुण्याच्या नारायण पेठेत, जुन्या वाड्याच्या पडवीचे ज्यांनी गॅरेज केले आहे, असे एक निवृत्त अभियंता राहतात. जुन्या जावा मोटारसायकली पुनश्च चालत्या करणे हा त्यांचा छंद. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून १९९६ पर्यंत बाहेर पडलेल्या या गाड्यांचे सुटे भाग पैदा करणे हे एक काम, आणि ते कोणत्या क्रमाने जोडायचे हे समजून घेणे हे दुसरे, त्याहून बिकट काम; किक आणि गिअर या दोहोंना मिळून एकच दांडा असल्यामुळे त्या दांड्यामागची रचना पुस्तकातल्या रेखाटनावरून उमगत नाही, ती पाहावीच लागते. देशोदेशींच्या जावाप्रेमींनी ती उलगडून, पायरीपायरीने छायाचित्रे काढून, इंटरनेटवर लिहून ठेवली होती.

अशाच एका विलायती गृहस्थाच्या टिपणाची छापील प्रत त्यांनी माझ्यापुढे धरली. मजकूर जसाच्या तसा शाबूत होता: वरच्या चित्रात दाखवल्याप्रमाणे खाचेचे तोंड मागे ठेवावे, मगच स्प्रिंग बसवावी. आणि 'वरच्या चित्रा'च्या जागी, पानोपानी, एकच एक चित्र छापलेले होते: एक स्पीडोमीटर, आणि सोबत खाते अद्ययावत करण्याची सूचना.

"मोटारसायकलवाल्याला स्पीडोमीटर दाखवून गप्प बसवलं," ते म्हणाले. "एवढी तरी विनोदबुद्धी होती म्हणायची."

ही सूचना फोटोबकेट या अमेरिकन कंपनीची. २००३ साली ती निघाली, मायस्पेसच्या भरभराटीबरोबर वाढली, २००७ साली रूपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने ती घेतली, आणि २००९ संपता संपता पुन्हा विकून टाकली. तिचा मूळ उपयोग असा होता की, चित्र ठेवायचे तिच्याकडे आणि दाखवायचे अन्यत्र. ज्या पानावर आपण टिपण वाचतो त्या पानावर चित्र नसतेच. तेथे असतो केवळ चित्राचा पत्ता, आणि वाचकाने पान उघडताक्षणी त्याचा संगणक त्या पत्त्यावर जाऊन चित्र घेऊन येतो. वाचकाला या येरझाऱ्यांचा सुगावाही लागत नाही. कोठारवाल्याला मात्र लागतो, कारण प्रत्येक फेरीचा भार त्याच्या यंत्रांवर पडतो, आणि पाहणारा त्याच्या दारात पाऊलच टाकत नसल्यामुळे दारावरच्या जाहिराती कोणी पाहत नाही. म्हणजे ज्या छांदिष्टांची टिपणे सर्वाधिक वाचली जात, ज्यांचा लौकिक सर्वाधिक, तेच कंपनीच्या खातेवहीत सर्वांत तोट्याचे खातेदार ठरत.

२०१७ च्या जूनअखेरीस कंपनीने अटी बदलल्या. चित्र अन्यत्र दाखवायचे असेल तर वर्षाला ३९९ डॉलर ९९ सेंट. त्या वेळच्या दराने पंचवीस हजार रुपयांच्या वर. आगाऊ नोटीस जवळजवळ नव्हतीच. जुन्या मोटारी दुरुस्त करणारे, रेल्वेच्या प्रतिकृती बनवणारे, गोधड्या शिवणारे, सुतारकाम करणारे, किरकोळ विक्रेते, अशा असंख्य लोकांच्या पानांवर एकाएकी ते स्पीडोमीटर उमटले, आणि याला शुल्क म्हणायचे की खंडणी, अशी एकच ओरड उठली. माझे मत विचाराल तर रक्कम अवाच्या सवा होती आणि रीत उद्धटपणाची होती, पण कारण खोटे नव्हते; चौदा वर्षे जो खर्च कोणी विचारला नाही तो कोणीतरी सोसत होता, हे चौदा वर्षे कोणी मनावर घेतले नाही इतकेच. २०१८ साली कंपनीने माघार घेतली, चित्रे पुन्हा दिसू लागली, आणि हलक्या दराच्या योजना निघाल्या.

तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. अनेक टिपणांचे कर्ते खाते सोडून निघून गेले होते, काहींना आपण कोणत्या ईमेलवरून खाते उघडले तेच स्मरत नव्हते, आणि काही हयात नव्हते. आमच्या अभियंत्यांना त्या मधल्या काळात एका भाच्याने ब्राउझरमध्ये बसवायचे एक छोटे साधन आणून दिले; कंपनीचा अडसर चुकवून मूळ चित्रे दाखवणारी असली साधने त्या वेळी कोणीकोणी तयार केली होती. त्यांनी विलंब न लावता प्रत्येक चित्र रंगीत छापून घेतले, त्यावर तांबड्या पेन्सिलीने अनुक्रम घातले, आणि प्लास्टिकच्या खिशांची एक जाड फाइल केली. ती फाइल आज गॅरेजातल्या फळीवर असते. खाचेचे तोंड दाखवणारे पान उजव्या कोपऱ्यात वंगणाने काळे पडले आहे. सर्वांत जास्त वेळा तेच उघडले जाते. पुण्यातले आणखी काही जावावाले आता इंटरनेटवर शोधण्याऐवजी सरळ या पडवीत येतात, आणि एका टिपणाचा जगभरचा वाचकवर्ग असा एका पेठेपुरता आकसून राहिला आहे.

तीन टक्क्यांतली माणसे

फोटोबकेटचा प्रकार दांडगाईचा होता. त्यानंतरच्या कंपन्या अधिक सौजन्याने वागल्या. त्यांनी मुदत दिली, कारणे दिली, आकडेही दिले.

व्हँकुव्हर येथे २००४ साली स्टुअर्ट बटरफील्ड आणि कॅटरिना फेक यांच्या मंडळींनी सुरू केलेले फ्लिकर २००५ साली याहूने घेतले, आणि २०१३ साली याहूने प्रत्येक खातेदारास एक टेराबाइट जागा विनामूल्य देऊ केली. एवढी जागा एका माणसास जन्मभर पुरेल असे तेव्हा वाटे. एप्रिल २०१८ मध्ये स्मगमग या कौटुंबिक मालकीच्या कंपनीने फ्लिकर विकत घेतले आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला जाहीर केले की, विनामूल्य खात्यात यापुढे एक हजार चित्रेच राहतील. अधिक हवी असतील तर वर्षाला सुमारे ५० डॉलर भरावेत. सोबत अशी ग्वाहीही होती की, विनामूल्य खातेदारांपैकी ९७ टक्क्यांहून अधिक लोकांची चित्रे हजाराच्या आतच आहेत.

गूगल फोटोजची कथाही अशीच. मे २०१५ पासून, चित्रे १६ मेगापिक्सेलपर्यंत आवळून ठेवण्याच्या अटीवर, तेथे अमर्याद जागा मोफत होती. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने कळवले की, आपल्यापाशी ४ लाख कोटींहून अधिक छायाचित्रे जमली आहेत, आठवड्याला २८ अब्ज नवी चित्रे व चलच्चित्रे येतात, म्हणून १ जून २०२१ पासून येणारे प्रत्येक चित्र १५ जीबीच्या मोफत हिश्शात मोजले जाईल. त्याआधीची चित्रे जमेस धरली जाणार नाहीत, आणि ८० टक्के लोकांना तो हिस्सा आणखी सुमारे तीन वर्षे पुरेल.

या आकड्यांत लबाडी आहे असे मी म्हणत नाही. परंतु छांदिष्ट माणूस कोठे सापडतो? तो ९७ टक्क्यांत नसतो, ८० टक्क्यांतही नसतो. ज्यांनी ही कोठारे भरली, ज्यांची चित्रे पाहण्यासाठी इतर लोक आले, आणि ज्यांच्या नावावर या कंपन्यांनी आरंभी लौकिक मिळवला, ते सगळे त्या उरलेल्या किरकोळ टक्क्यांत जमा झाले. सरासरीच्या हिशेबात छंदाला जागा नसते, ही गोष्ट जमाबंदीच्या कोणत्याही कारकुनाने सांगितली असती.

ठाण्याच्या एका बाई या किरकोळ टक्क्यांतल्या. त्या वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका, आणि त्यांचा ध्यास कारवीचा. सह्याद्रीच्या उतारांवर दाट वाढणारे हे झुडूप सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. सारे रान एकाच पावसाळ्यात जांभळे होते, मधमाश्या तुटून पडतात, बी धरते, आणि मग फुललेली झाडे मरून जातात. मुंबई-ठाण्याच्या भागात, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आणि येऊरच्या रानात, कारवीचा मोठा बहर २००८ साली आला, मग २०१६ साली, आणि मग २०२४ साली. बाईंनी तिन्ही बहर टिपले आहेत. त्यांचे काम नुसते सुंदर फुलाचे चित्र घेण्याचे नव्हे. त्याच त्याच उतारावर उभे राहून, कोणत्या आठवड्यात कळी धरली, कोणत्या बाजूचे झुडूप उशिरा फुलले, जळणासाठी तोड कोठे झाली, वाट कोठे रुंदावली, हे ताडून पाहण्याचे ते काम आहे, आणि त्याला आठ वर्षांखालचे चित्र हाताशी असणे अनिवार्य आहे.

आता या बहरांशेजारी बाईंच्या कोठाराचा, म्हणजे फ्लिकरचा, इतिहास ठेवून पाहावा. पहिल्या बहराच्या वेळी फ्लिकर याहूचे होते. दुसऱ्या बहराच्या वेळी टेराबाइटची खैरात चालू होती. तिसऱ्याच्या आधीच मालक बदलून हजाराची मर्यादा आली. एका झुडपाच्या एका आयुष्यक्रमापुरतीसुद्धा कंपनीची सनद टिकली नाही. त्यातही, हजारावरची चित्रे काढून टाकण्याचा जो क्रम जाहीर झाला तो जुन्याकडून नव्याकडे असा होता. म्हणजे पहिला घाला २००८ च्या बहरावर. विकणाऱ्याच्या दृष्टीने जुने ते सर्वांत कमी पाहिले जाणारे, आणि बाईंच्या दृष्टीने जुने तेच सर्वांत मोलाचे.

येथे एक विलक्षण अपवाद होता. ज्यांनी १ नोव्हेंबर २०१८ पूर्वीच आपली चित्रे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली, कोणीही वापरावीत म्हणून, देऊन टाकली होती, त्यांच्या त्या चित्रांना कंपनीने अभय दिले. बाईंनी मात्र, कोणा प्रकाशकाने न विचारता चित्र उचलल्याचा एक कडू अनुभव गाठीस असल्यामुळे, सर्व हक्क स्वाधीन ठेवले होते. "ज्यांनी दान केलं त्यांचं राहिलं," त्या म्हणाल्या, "आणि मी कुलूप लावून बसले, तर माझ्याच दारावर नोटीस."

गठ्ठे बांधताना

बाईंनी पहिल्या वर्षी निमूटपणे पैसे भरले, ते केवळ उसंत मिळावी म्हणून, आणि त्या उसंतीत माल हलवायला घेतला. या हलवाहलवीचे तपशील मी मुद्दाम बसून पाहिले, कारण दप्तर कसे बुडते ते येथे उघड्या डोळ्यांनी दिसते.

कॅमेऱ्याने काढलेल्या चित्राच्या फाइलीत चित्राखेरीज एक लहानसा मजकूर दडलेला असतो: तारीख, वेळ, भिंगाचा प्रकार, आणि यंत्रात सोय असली तर अक्षांश-रेखांशही. हा मजकूर चित्राच्या पोटातच असल्यामुळे चित्र जाईल तेथे तोही जातो. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठवलेल्या चित्रातून मात्र तो पुसला जातो, हे छांदिष्टांना ठाऊक असते आणि त्यांच्या आप्तांना नसते. परंतु मालकाने स्वतः लिहिलेली ओळ, वर्गवारी, संग्रहाचे नाव, या गोष्टी बहुधा चित्राच्या पोटात नसतात. त्या असतात कंपनीच्या वहीत. आपण चित्र परत मागितले की चित्र मिळते. वहीतला उतारा मागितला तर तोही मिळतो, पण निराळ्या फाइलीत, निराळ्या रूपात, आणि चित्राची व उताऱ्याची गाठ घालण्याचे काम मालकाने करायचे असते.

गूगलकडून सर्व चित्रे एकदम परत मागण्याची जी सोय आहे तिला टेकआउट म्हणतात. मागणी नोंदवली की काही तासांनी किंवा दिवसांनी मोठमोठे गठ्ठे तयार होतात. ते उतरवून सोडले की प्रत्येक चित्राशेजारी त्याच्या नावाची एक जेसन फाइल दिसते, आणि तारीख-मजकूर तिच्यात असतो. गठ्ठा सोडताना घाई झाली तर शेकडो चित्रांवर ती उतरवल्याचीच तारीख चढते, आणि दहा वर्षांचा संग्रह एकाच मंगळवारी काढल्यासारखा दिसू लागतो. फ्लिकरवरून माल काढतानाही चित्रे एका गठ्ठ्यात आणि माहिती दुसऱ्यात, असाच व्यवहार.

बाईंच्या बाबतीत एक योगायोग घडला. २००८ च्या बहराची चित्रे त्यांनी घरच्या संगणकावर पिकासा या प्रोग्रामात लावली होती, आणि पिकासाची एक दुर्लक्षित थोरवी अशी की, चित्राखाली लिहिलेली ओळ तो जेपीजी चित्राच्या पोटातच लिहून ठेवी. तो प्रोग्राम २०१६ च्या मार्चमध्ये गूगलने बंद केला. पण त्याने लिहिलेल्या ओळी आजही चित्राबरोबर आहेत. त्याच वर्षीच्या बहराच्या ओळी मात्र बाईंनी थेट कोठाराच्या पानावर टाइप केल्या होत्या. परिणाम असा की, जुन्या बहराचे दप्तर शाबूत आणि नव्या बहराचे विस्कटलेले. मी पाहत असताना पडद्यावर एक चित्र होते, नुसता क्रमांक असलेले, उतारावरची कारवी, कळ्या धरलेल्या, एवढेच दिसणारे. आणि शेजारच्या फाइलीत, कंस व अवतरणचिन्हांच्या गर्दीत, बाईंची ओळ अडकलेली: नाल्याच्या डाव्या उतारावर, कळ्या गेल्या खेपेपेक्षा उशिरा, पानांवर किडीची छिद्रे. ती ओळ नसेल तर ते चित्र हजारो हिरव्या चित्रांपैकी एक.

गाठ घालण्याचे काम अखेर बाईंच्या एका माजी विद्यार्थ्याने केले. एक्झिफटूल नावाचा, फिल हार्वे या गृहस्थाने केलेला आणि सर्वांसाठी खुला ठेवलेला प्रोग्राम आहे. त्याच्या साहाय्याने जेसनमधली तारीख व ओळ पुन्हा चित्राच्या पोटात रुजू करता येते. काम रटाळ आहे. एकाच नावाची दोन चित्रे आली की घोळ होतो, देवनागरीतली ओळ कधीकधी प्रश्नचिन्हांची रांग होऊन बाहेर पडते. पण हे फुकटाचे दुखणे अखेर दुसऱ्या एका फुकटाने बरे केले, ही गोष्ट संपादकांच्या विषयास धरून असल्यामुळे नोंदवून ठेवतो.

जे हलवता आले नाही ते म्हणजे पत्ता. दुसऱ्या कोणी आपल्या टिपणात बाईंच्या चित्राचा हवाला दिला असेल, एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधाच्या तळटीपेत तो पत्ता छापला असेल, तर चित्र तेथून उचलताच ती वाट बंद होते. नव्या जागेचा पत्ता जुन्या जागी लावून ठेवण्याची तजवीज कोणत्याही कोठाराने केलेली मला आढळली नाही.

पैसे भरायला निघालेला माणूस

कल्याणचे एक गृहस्थ बँकेत नोकरीस होते. रेल्वेची इंजिने टिपण्याचा त्यांना जन्मभराचा नाद. त्यांचे म्हणणे स्वच्छ होते: पैसे भरून मोकळे व्हावे. गूगलकडे १०० जीबीस वर्षाचे १३०० रुपये, ही रक्कम एका पावसाळी सहलीहून अधिक नाही. परंतु १ ऑक्टोबर २०२१ पासून, कार्डावरून दरमहा वा दरसाल आपोआप होणाऱ्या वसुलीस ग्राहकाची खास संमती आणि चोवीस तास आधीची सूचना आवश्यक करणारा रिझर्व्ह बँकेचा नियम अमलात आला, आणि ज्यांनी त्याप्रमाणे व्यवस्था केली नव्हती त्यांच्याकडचा भरणा अडकला. नियम ग्राहकाच्या हिताचा. स्वतः बँकवाले असल्यामुळे गृहस्थ त्याचे समर्थनच करतात. पण एका परदेशी कोठाराचा त्यांचा हप्ता असा चुकला, स्मरणपत्रे नको असलेल्या टपालाच्या कप्प्यात जाऊन पडली, आणि पैसे देण्यास तयार असलेला माणूस काही महिने थकबाकीदार म्हणून वावरला.

त्यांची खरी हरकत निराळी आहे. भाड्याच्या बिऱ्हाडात मूल वाढले की खोली वाढवावी लागते, तसे हे आहे, असे ते म्हणाले, आणि येथे बिऱ्हाड सोडण्याचा दिवस कधी यायचाच नाही. संग्रह कधी कमी होत नसतो. १०० जीबी भरले की पुढची पायरी, ती भरली की २ टेराबाइट, आणि त्याचे वर्षाला साडेसहा हजार. नोकरीत असताना हा खर्च जाणवत नाही. निवृत्तिवेतनातून तो कायम चालू राहणार आणि आपल्या पश्चातही चालू ठेवावा लागणार, हे ध्यानी आले की माणूस विचारात पडतो. फ्लिकरचे प्रमुख डॉन मॅकॅस्किल यांनी डिसेंबर २०१९ मध्ये खातेदारांना पत्र लिहून धंदा तोट्यात असल्याचे प्रांजळपणे सांगितले होते व वर्गणीदार वाढवण्याची विनंती केली होती. याचा अर्थ असा की, पैसे भरणाऱ्यालाही शाश्वती विकत मिळत नाही.

इतर ठिकाणे, आणि भाऊबीज

मग ही मंडळी गेली कोठे? पक्षी टिपणारे बहुसंख्येने ईबर्डकडे वळले. ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचे. तेथे चित्र एकटे जात नाही, कोणत्या पाणवठ्यावर, किती वाजता, किती पक्षी, अशा यादीला जोडूनच जाते. वनस्पती व कीटकवाल्यांनी आयनॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल धरले. किल्ले-मंदिरेवाल्यांपैकी काही विकिमीडिया कॉमन्सवर गेले. तेथे परवाना खुला ठेवावा लागतो आणि घरगुती चित्रांना थारा नाही. रेल्वेवाल्यांची आय.आर.एफ.सी.ए. ही जुनी मंडळी आपले दालन स्वतःच सांभाळत आली आहे.

ही ठिकाणेही फुकटच आहेत, आणि म्हणून मी त्यांच्याविषयी साशंक असावे, हे तर्काला धरून होईल. तरी मला भेद दिसतो. ही ठिकाणे पैशाऐवजी दाखला मागतात: नाव, गाव, तारीख, जात. जो हे देत नाही त्याच्या चित्राची तेथे किंमत नाही, आणि जो देतो त्याच्या चित्राची नोंद इतरांच्या नोंदींत गुंफली जाऊन अभ्यासकाच्या कामास येते. छायाचित्र कोठे ठेवले यापेक्षा ते कोणत्या नोंदीला बांधले, यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते. मी ज्यांना ज्यांना भेटलो त्यांच्यापैकी नोंदी ठेवणारा एकही माणूस पुरता नागवला गेलेला मला दिसला नाही, आणि नोंदी न ठेवणारा, त्याने पैसे भरले असोत वा नसोत, आपल्याच संग्रहात वाट चुकलेला दिसला.

राहता राहिली घरची व्यवस्था. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक ठोकताळा ही मंडळी मंत्रासारखा म्हणतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. कोकणपट्टीतल्या हवेत जुन्या सीडींवर बुरशीचे डाग पडलेले मी ठाण्यात पाहिले. हार्ड डिस्कचा तरी पूर्ण भरवसा कोणी द्यावा? कल्याणच्या गृहस्थांनी घराबाहेरच्या प्रतीसाठी नागपूरला दिलेल्या बहिणीचे घर निवडले आहे, कारण तेथील हवा कोरडी. दर भाऊबीजेला बहीण माहेरी येते ती मागल्या वर्षीची डिस्क पिशवीतून घेऊन, आणि जाताना ताजी घेऊन जाते. ओवाळणीच्या तबकात डिस्क ठेवण्यास वहिनींनी मनाई केली आहे. ती टीव्हीपाशी ठेवतात.

वारसांची नोंद

या गृहस्थांपाशी जे आहे ते पुन्हा मिळणारे नाही. १९२५ च्या ३ फेब्रुवारीस व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेवरची पहिली गाडी धावली तेव्हापासून मुंबईत असलेला १५०० व्होल्ट डी.सी.चा अंमल २०१६ साली उठला. त्या विजेवर चालणारी इंजिने, इगतपुरीस होणारी इंजिनबदली, घाटातली जोड-इंजिने, हे सारे त्यांच्या संग्रहात आहे. बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रुळ आहे, जेथे आज ब्रॉडगेज गाड्या धावतात. मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला आहे. अकोला-खांडवा मीटरगेज आहे.

त्यांच्याच मंडळातले एक ज्येष्ठ काही वर्षांपूर्वी वारले. मुले परगावी, खात्याचा संकेतशब्द कोणाला ठाऊक नाही, वर्गणी संपलेली. फ्लिकरने २०१९ मध्ये दिवंगतांची खाती स्मरणार्थ जतन करण्याची सोय केली, पण त्यासाठी कोणीतरी अर्ज करावा लागतो, आणि घरच्यांना असे काही खाते आहे हेच उशिरा कळले. गूगलचा नियम असा की, दोन वर्षे वापरात नसलेले खाते काढून टाकले जाऊ शकते. मात्र आपल्या पश्चात चित्रे कोणाच्या हवाली करावीत हे आधीच लिहून ठेवता येते, दहा जणांपर्यंत नावे देता येतात. मी विचारले त्या छांदिष्टांपैकी बहुतेकांना ही सोय ठाऊक नव्हती, आणि मुदत ठेवीला नॉमिनी लावण्यास यांतला एकही जण विसरलेला नव्हता.

कल्याणच्या गृहस्थांनी आता एक वही घातली आहे. साधीच, लांबट, जमाखर्चाची. रकाने चार: दिनांक, स्थानक, इंजिनाचा क्रमांक, गाडी. चित्राचा अनुक्रम समासात. इंजिनाचा क्रमांक वाचता न आल्यास तेथे रेघ मारलेली असते. अंदाज लिहिलेला नसतो. वहीच्या पहिल्या पानावर मुलीचे व बहिणीचे नाव आहे, आणि खाली कोणत्या कपाटात काय आहे त्याची यादी.

ही वही पुरी करताना त्यांना बार्शी लाइट, शकुंतला आणि अकोला-खांडवा या तिन्ही मार्गांवरच्या कित्येक लहान स्थानकांचे एकही चित्र मिळालेले नाही. अशी चित्रे जत्रेच्या, लग्नाच्या, बदलीच्या निमित्ताने कोणीतरी काढलेली असणार आणि ती आज घरोघरी बिस्किटांच्या डब्यांत पडलेली असणार. ज्या वाचकांपाशी ती असतील त्यांनी मागच्या बाजूस पेन्सिलीने स्थानकाचे नाव आणि साल लिहावे, आणि रेल्वेचा नाद असलेल्या एखाद्या जाणत्या माणसास ती एकदा पाहू द्यावीत. प्रत काढून मूळ चित्र परत करण्याचे ही मंडळी पैसे घेत नाहीत.